कोयता निघण्याआधी रक्त तपासा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दसरा तोंडावर आला आहे. आमच्या धारूर तालुक्यातल्या डोंगरपट्ट्यात ऊसतोडणीच्या टोळ्या बांधणाऱ्या मुकादमांच्या मोटारसायकली सकाळ-संध्याकाळ फिरायला लागल्या आहेत. उचलीचे, म्हणजे आगाऊ मजुरीचे, आकडे ठरताहेत. दसरा झाला की ट्रक लागतील. पत्रे, बांबू, पिठाचे डबे, कोंबड्या, शेळ्या आणि लेकरं वर चढवली जातील आणि आमचं निम्मं गाव चैत्रापर्यंत रिकामं होईल. मागं राहतील म्हातारी माणसं आणि त्यांच्या भरवशावर शाळेसाठी ठेवलेली पोरं. त्या पोरांना मी तेवीस वर्षं शिकवतो आहे.

हे पत्र त्या गाड्या हलायच्या आत छापून यावं अशी विनंती आहे. गाडीत चढणाऱ्या प्रत्येक बाईचं आणि गड्याचं रक्त चढण्याआधी एकदा तपासा. क्रिएटिनिन नावाची साधी तपासणी आहे, मूत्रपिंडं कशी चालली आहेत ते तिच्यावरून कळतं. हंगाम संपवून माणसं परत आली की पुन्हा एकदा तपासा. आणि तो कागद ज्याचा त्याच्या हातात द्या. एवढंच मागणं आहे, पण ते कुठून आलं ते सांगितल्याशिवाय त्याचं वजन कळणार नाही.

माझा धाकटा भाऊ बावीस हंगाम ऊस तोडायला गेला. आमची जमीन अडीच एकर, तीही मुरमाड. एकानं शिकायचं आणि एकानं कोयता धरायचा, असं आई-बापानं ठरवलं. मी मोठा आणि शाळेत बरा, म्हणून मी डी.एड. केलं. माझ्या शेवटच्या वर्षाची फी भावाच्या पहिल्या उचलीतून भरली गेली. तेव्हा तो सोळा वर्षांचा होता.

त्याचा फडातला दिवस मी डोळ्यांनी पाहिला आहे. सुट्टी लागली की मी त्याच्या कोपीवर, म्हणजे फडाजवळच्या झोपडीवर, जाऊन राहायचो. पहाटे चारला भावजय चूल पेटवायची, उजाडायच्या आत दोघं फडात. तो बुडातून ऊस तोडायचा, ती वाढे छाटून मोळ्या बांधायची. उन्हं वर आली की उभ्या उसात वारा शिरत नाही, माणूस भट्टीच्या तोंडाशी उभा राहिल्यासारखा निथळतो. गाडी आली की पस्तीस-चाळीस किलोची मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून वर चढायचं. गाडी रात्री दोनला आली तर दोनला चढायचं. पाणी म्हणजे पाच लिटरचा एक कॅन, वाटेत जी विहीर किंवा पाट लागेल तिथं भरलेला. दहा-अकरा वाजता तो संपायचा. पुन्हा भरायला जायचं म्हणजे अर्धा तास मोडणार, आणि टनावर मजुरी असलेल्या माणसाला अर्धा तास परवडत नाही. भावजय तर मुद्दामच पाणी कमी प्यायची. फडात बाईनं लघवीला जायचं कुठं?

दर हंगामाला माघ-फाल्गुनात भावाला उन्हाळी लागायची. लघवीला आग, थेंब थेंब, कमरेत कळ. आमच्याकडं उन्हाळीला आजार कुणी म्हणत नाही. सब्जा भिजवून प्यायचा, धन्याचं पाणी प्यायचं, बेंबीला चुना लावायचा. रात्री अंग ठणकलं की दुखण्याची गोळी. ती गोळी फडावर सगळेच खातात. मुकादमाकडं मिळते, किराणा दुकानात मिळते, बिडीबरोबर मिळते. फारच झालं तर जवळच्या गावात जाऊन कमरेत एक इंजेक्शन घ्यायचं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा कोयता. खाडा पडला तर पैसे कापले जातात आणि कापलेले पैसे उचलीवर चढतात. बावीस वर्षांत अशी किती इंजेक्शनं झाली, त्याला ठाऊक नाही. एकदा तरी लघवी तपासा, रक्त तपासा, असं त्याला एकाही ठिकाणी कुणी सांगितलं नाही.

तीन वर्षांपूर्वी तो हंगामाहून आला आणि जेवण जाईना. सकाळी उठला की तोंड सुजलेलं. गावात कावीळ म्हणाले, झाडपाला झाला. मग पित्ताच्या गोळ्या झाल्या. त्यात तीन आठवडे गेले. शेवटी चालताना धाप लागायला लागली तेव्हा मी त्याला गाडी करून मोठ्या दवाखान्यात नेलं. क्रिएटिनिन आलं ११.४. ते सव्वाच्या आत असावं लागतं. डॉक्टरांनी विचारलं, शुगर आहे का? नव्हती. बीपी जुना आहे का? नव्हता. दारू? माळकरी माणूस. मग ते जरा चिडूनच म्हणाले, "अहो, इतके दिवस होतात कुठं?"

भाऊ म्हणाला, "फडात व्हतो, सायेब."

तेव्हापासून आठवड्यातून तीनदा, चार-चार तास, अंबाजोगाईला डायलिसिस. गावातून जाऊन-येऊन नव्वद किलोमीटर. उपचार महात्मा फुले जन आरोग्य योजनेत होतो, त्या योजनेचे आमच्या घरावर उपकार आहेत. पण जीपभाडं आणि सोबत जाणाऱ्याची बुडालेली मजुरी कुठल्या योजनेत बसत नाही. त्याच्या डाव्या हाताला फिस्टुला केला आहे, म्हणजे डायलिसिसची सुई टोचायला आतल्या रक्तवाहिन्या जोडल्या आहेत. कान लावला तर आत घरघर ऐकू येते. त्या हातानं वजन उचलायचं नाही. पाणी चहा धरून दिवसाला एक लिटर. भावजयीनं एका तांब्याला खूण केली आहे आणि ती त्याला मोजून पाणी देते. ज्या माणसाला भर उन्हात पाणी पुरलं नाही, त्याच्यापुढं आज घरात भरलेला माठ आहे आणि त्यातलं त्याला पिता येत नाही. हे मला रोज बघावं लागतं.

शनिवारी सकाळची शाळा असते. ती सुटली की मी जातो आणि वॉर्डाबाहेरच्या बाकड्यावर बसतो. तिथं आता ओळखी झाल्या आहेत. केजचे एक आहेत, वडवणीचे दोघं, माजलगावकडची एक बाई. चौघंही कोयतेवाले. चौघांनाही शुगर नव्हती.

माझी पुतणी नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. एका शनिवारी तीही बरोबर होती. मोबाइलवर काही वाचत होती, ती एकदम म्हणाली, "मोठेबाबा, पप्पांसारखी माणसं तिकडंही आहेत. तीही ऊसच तोडतात." तिकडं म्हणजे निकाराग्वा. दोन्ही अमेरिका ज्या चिंचोळ्या पट्टीनं जोडल्या आहेत तिथल्या सात देशांतला एक. मी तो नकाशात पोरांना दाखवत आलो आहे, त्यापलीकडं मला त्याची काही माहिती नव्हती. त्या दिवसापासून पुतणी इंग्रजीतलं वाचून सांगते आणि मी वहीत उतरवतो. वही आता भरत आली आहे.

त्या देशात चिचिगाल्पा नावाचं गाव आहे. पॅसिफिक समुद्राकडचा सपाट, उष्ण पट्टा, मागं सान क्रिस्तोबाल हा ज्वालामुखीचा डोंगर आणि चहूकडं ऊस. तोडणी नोव्हेंबरात सुरू होते ती एप्रिल-मेपर्यंत. तिकडं फड आधी पेटवतात आणि मग काळ्या राखेत उभं राहून माचेटे नावाच्या लांब पात्याच्या कोयत्यानं ऊस तोडतात. मजुरी टनावर. या गावात तिशी-चाळिशीतले धडधाकट गडी मूत्रपिंड निकामी होऊन मरायला लागले. ना शुगर, ना जुना रक्तदाब. तिथल्या एका वस्तीचं नाव ला इस्ला, म्हणजे बेट. इतके पुरुष गेले की लोक तिला विधवांचं बेट म्हणायला लागले. आणि आजाराला तिथल्या माणसांनी स्वतःच नाव दिलं आहे: क्रिएटिनिना. रक्ताच्या तपासणीचं नाव तेच आजाराचं नाव. अमक्याला क्रिएटिनिना आहे, म्हणजे तो आता फार दिवसांचा सोबती नाही, असं त्या गावात समजतात.

पुतणीनं आणखी एक शब्द वाचला आणि मी तिला तिथंच थांबवलं. चिस्ताता. उन्हात राबल्यावर लघवीला होणाऱ्या जळजळीला निकाराग्वातले मजूर चिस्ताता म्हणतात. तीसुद्धा तिकडं नेहमीचीच धरतात, अंगावर काढतात, दुखण्याच्या गोळ्या खाऊन पुन्हा फडात जातात. अहो, ही आमची उन्हाळी! सोळा हजार किलोमीटर पलीकडं, वेगळी भाषा, वेगळा देव, आणि शब्द मात्र आमच्या कोपीतलाच. मी भावाला आत जाऊन सांगितलं. तो मशीनला लावलेला होता. बराच वेळ काही बोलला नाही, मग म्हणाला, "त्यांच्यातबी कुणी सांगितलं नसंल."

खरंच सांगितलं नव्हतं. मेक्सिकोच्या दक्षिणेपासून कोस्टा रिकाच्या ग्वानाकास्ते प्रांतापर्यंत त्या सगळ्या किनारपट्टीवर हा आजार पसरलेला होता. एल साल्व्हादोरमधल्या डॉक्टरांनी २००२ साली पहिल्यांदा लिहून छापलं की आमच्या दवाखान्यात असे रुग्ण येताहेत ज्यांच्या आजाराला नेहमीचं कारण सापडत नाही. मध्य अमेरिकेतल्या देशांच्या आरोग्यमंत्र्यांनी एकत्र बसून हा आजार खरा आहे, शेतमजुरांना होतो आहे, असं मान्य केलं ते एप्रिल २०१३ मध्ये. मध्ये अकरा वर्षं गेली. या काळात किती घरांतला कर्ता गेला असेल! कारणाबद्दल अजून अभ्यासकांत वाद आहे. भर उन्हातली अंगमेहनत आणि अंगातलं पाणी पुन्हा पुन्हा आटणं, यावर बहुतेकांचा भर आहे. दुखण्याच्या गोळ्या, शेतातली औषधं, यांच्यावरही संशय आहे. आपल्या देशात आंध्रच्या श्रीकाकुळम जिल्ह्यातला उद्दानम हा नारळ-काजूचा पट्टा अशाच आजारानं पोळला आहे.

माझ्या भावाला झालं ते हेच, असं मी ठासून सांगत नाही. तो निर्णय डॉक्टरांचा. पण काम तेच, ऊन तेच, रिकामा कॅन तोच, गोळी तीच. अशा वेळी निदान बघायला तरी पाहिजे. मूत्रपिंड निम्म्याहून जास्त खराब होईपर्यंत माणसाला काही जाणवत नाही. जाणवतं तेव्हा मशीनच उरतं. अलीकडं कळलं तर गोळ्या बंद करता येतात, कामाची वेळ बदलता येते, आजार पुढं ढकलता येतो. हे मी वॉर्डातल्या डॉक्टरांना विचारून लिहितो आहे.

आता कागद ज्याचा त्याच्या हातात द्या असं मी वर का म्हटलं ते सांगतो, कारण तपासणीनंच माणसाचं नुकसान झाल्याचं उदाहरण त्याच निकाराग्वात आहे. तिथल्या कारखान्यांनी हंगामाच्या सुरुवातीला मजुरांचं क्रिएटिनिन तपासायला सुरुवात केली आणि ज्याचं वाढलेलं आलं त्याला कामावर घेणं बंद केलं. वरवर बघता बरोबर वाटेल. पण त्या माणसाच्या घरी दुसरं काम नव्हतं. मग तो दुसऱ्याचं ओळखपत्र घेऊन, दुसऱ्याच्या नावानं, ठेकेदारामार्फत पुन्हा त्याच उन्हात उतरला. फरक एवढाच पडला की आता आजारी पडला तर तो कारखान्याचा माणूसच नव्हता.

आमच्याकडं हे याहून वाईट होईल. आमच्या माणसावर उचल असते. रक्तात दोष निघाला असं मुकादमाला कळलं तर तो म्हणेल, तू नको, पण उचल परत दे. ती तर लग्नात, बोअरमध्ये, मागच्या देण्यात कधीच गेलेली असते. मग नवऱ्याच्या जागी पंधरा वर्षांचं पोरगं कोयत्याला जाईल. माझ्या वर्गातून अशी पोरं गेलेली आहेत, मी हजेरीपटावर त्यांच्या नावापुढं दर दिवाळीनंतर गैरहजर लिहितो. म्हणून तपासणी सरकारी आरोग्य खात्यानं करावी, निकाल मुकादमाला आणि कारखान्याला कळू नये, आणि दोष निघालेल्या माणसाच्या उचलीची वसुली त्या वर्षापुरती थांबवावी. ही शेवटची गोष्ट सर्वांत अवघड आहे हे मला कळतं. पण ती सोडून बाकीचं केलं तर लोक रक्त द्यायला हात पुढं करणार नाहीत, पळून जातील, आणि त्यांचं बरोबरच असेल.

कारखान्यांच्या चालकांसाठी वहीतली एक नोंद मुद्दाम देतो. एल साल्व्हादोरमध्ये २०१४-१५ च्या हंगामात एका कारखान्याच्या तोडणीवाल्यांवर एक प्रयोग झाला. प्रत्येकाला पाठीवर घ्यायची पाण्याची पिशवी दिली. फडाबरोबर हलवता येतील असे सावलीचे तंबू दिले. ठरल्या वेळी सगळ्यांनी थांबायचं, सावलीत बसायचं, पाणी प्यायचं. कोयताही सुधारून दिला. पाणी पिणं वाढलं, उन्हाचे त्रास कमी झाले, आणि माणशी दिवसाला ५.१ टन होणारी तोड ७.३ टनांपर्यंत गेली. विश्रांती दिली तर ऊस वेळेवर येणार नाही ही भीती तिथल्या कारखान्यालाही असणारच. पुढं निकाराग्वातही पाणी, विश्रांती आणि सावली हाच धडा गिरवला गेला आणि मूत्रपिंडाला इजा होणाऱ्यांचं प्रमाण खाली आलं. आमच्या फडाच्या बांधावर एक ताडपत्री, दोन पाण्याच्या टाक्या आणि दर दोन तासांनी एक शिट्टी, याला असा काय मोठा खर्च आहे? मोळी उचलायला फळी लागते, तसं माणसाला पाणी लागतं, हे तोडणीच्या करारात लिहून का येऊ नये? फडात आडोशाला एक संडास उभा केला तर आमच्या बायकाही पोटभर पाणी पितील.

कोस्टा रिका त्याच पट्टीतला देश. मोठा नाही, श्रीमंतही म्हणता येणार नाही. त्यांनी १९४१ साली आरोग्याची एक सामाजिक निधी संस्था काढली, लोक तिला नुसतं काहा म्हणतात, म्हणजे पेटी. १९४८ च्या डिसेंबरात त्या देशानं आपलं लष्करच बंद करून टाकलं. त्याच वर्षी सप्टेंबरात आपण निजामाच्या राजवटीतून सुटलो होतो, म्हणून ते साल माझ्या लक्षात राहिलं. १९९० नंतरच्या दशकात त्यांनी सुमारे चार-चार हजार वस्तीमागं एक पथक नेमलं: डॉक्टर, नर्स आणि घरोघर फिरणारा एक प्रशिक्षित कार्यकर्ता. तो माणूस वर्षातून एकदा तरी प्रत्येक दार गाठतो, कोण गरोदर, कोणाचा रक्तदाब वाढला, कोणाच्या लसी राहिल्या ते टिपतो. रुग्ण यायची वाट बघत बसत नाही.

हे वाचताना मला आमच्या आशाताई आठवल्या. त्यांच्याही वहीत प्रत्येक घर आहे, आणि मानधनाच्या मानानं त्या फार जास्त काम करतात. पण त्यांच्या वहीतली निम्मी घरं दसऱ्यानंतर कुलूपबंद असतात. गरोदर बाई कोपीवर असते. आणि कोपी ज्या गावच्या शिवारात असते त्या गावच्या आशाताईंच्या वहीत तिचं नाव नसतं, कारण ती तिथली नाही. सहा महिने आमचा माणूस कुठल्याच वहीत नसतो. माझ्या भावाचे बावीस हंगाम धरले तर अकरा वर्षं झाली. अकरा वर्षं तो कोणत्याही गावचा रुग्ण नव्हता. कारखान्याच्या कार्यक्षेत्रातल्या प्रत्येक आरोग्य उपकेंद्रानं नोव्हेंबरात कोप्या मोजाव्यात आणि त्या आपल्या वहीत घ्याव्यात, हे व्हायलाच पाहिजे.

अशी कामं आपल्याला येत नाहीत असं कुणी म्हणू नये. बीडच्या वेशीवरच्या जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० साली काम सुरू केलं आणि अक्षरओळखही नसलेल्या बायकांना गावची आरोग्यसेविका केलं. गावानं निवडलेल्या बायका, त्यांतल्या कित्येक दलित, कित्येक टाकलेल्या. बाळंतपण, लेकरांचं खाणं, हगवणीत मीठ-साखरेचं पाणी, सगळं त्या बघायच्या. माझी आई सांगायची, त्यांच्यातली एक बाई लग्नाला आमच्या गावी आली होती आणि वऱ्हाड सोडून तापल्या पोराच्या उशाशी बसली होती. जागतिक आरोग्य संघटनेनं १९७५ साली जगभरातल्या अशा मोजक्या प्रयोगांची माहिती एकत्र छापली. त्यात जामखेड आहे, आणि त्याच पुस्तकात ग्वाटेमालातलं चिमाल्तेनांगो आहे. तिथं कॅरोल बेरहॉर्स्ट नावाचे डॉक्टर १९६२ पासून मायावंशीय शेतकऱ्यांमध्ये काम करत होते. गावातल्याच माणसांना शिकवून त्यांच्याकडून उपचार करून घेत, आणि आजाराचं मूळ जमीन नसण्यात आहे म्हणून जमीन घ्यायला कर्जाची सोयही बघत. पुढं तिथं यादवी पेटली आणि गावोगावच्या त्या आरोग्यसेवकांपैकी कित्येकांना मारून टाकलं गेलं. गरिबाच्या दारात औषध नेणं हाच गुन्हा ठरला. आमच्याकडं तसं काही झालेलं नाही. आरोळ्यांचं जामखेड जागेवर आहे, त्यांच्याकडं जाऊन शिकून यायला एक एसटीचं तिकीट पुरतं.

एक घरचीच गोष्ट राहिली. माझ्या भावजयीची गर्भपिशवी तिसाव्या वर्षी काढली. अंगावरून जातं म्हणून दवाखान्यात नेलं, तिथं सांगितलं, ठेवली तर कॅन्सर होईल. उचलीतूनच पैसे भरले आणि पुढच्या हंगामाला ती पुन्हा मोळ्या वाहायला गेली. आम्हाला वाटलं तिचं एकटीचंच नशीब. २०१९ साली डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, घरोघर पाहणी झाली, आणि बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींच्या पिशव्या काढल्याचं समोर आलं. तो आकडा वर्तमानपत्रात वाचून भावजय म्हणाली, "म्हंजी म्या एकलीच न्हाई." त्याआधी कितीतरी वर्षं आमच्या बायका हे भोगत होत्या, बोलतही होत्या, पण मोजलं गेलं तेव्हा ते सगळ्यांसमोर आलं. तशीच घरोघर जाऊन मूत्रपिंडाची मोजणी या हंगामापासून सुरू करा. निकाराग्वात पुरुष जास्त करून मेले, कारण तिकडं तोडणीला बहुतेक पुरुषच असतात. आमचा कोयता म्हणजे नवरा-बायको. दोघांचंही रक्त बघा.

पैसे कुठून आणायचे असं विचारलं जाईल. गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी कारखान्यांकडून टनामागं १० रुपये घ्यायचं ठरलेलं आहे. तो ऊस आमच्याच माणसांनी तोडलेला असतो. त्यातून एका माणसाच्या दोन तपासण्या व्हायला हरकत नसावी. प्रत्येक गावात टोळी निघण्याआधी मारुतीच्या पारावर सगळे एकदा जमतातच, नारळ फुटतो, मुकादम नावं वाचतो. त्या दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्राचं एक पथक पारावर बसलं तर दोन तासांत अख्ख्या टोळीचं रक्त घेऊन होईल.

भावाचा मुलगा एकोणीस वर्षांचा आहे. बापाच्या आजारपणात झालेलं कर्ज फेडायचं म्हणून यंदा त्यानं पहिली उचल घेतली. मी नको म्हणालो, माझ्या पगारातून होईल तेवढं करतो म्हणालो, पण घरावरचं देणं माझ्या पगाराहून मोठं आहे आणि तो ऐकला नाही. भाऊ तर त्याच्याशी दोन दिवस बोलला नाही.

मागच्या रविवारी मी त्याला तालुक्याला नेऊन रक्त तपासून घेतलं. क्रिएटिनिन ०.९ आलं. कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून त्याच्याजवळच दिला आहे आणि एक नक्कल माझ्या वहीत चिकटवली आहे. दहा लिटरचा नवा कॅन घेऊन दिला. उन्हाळी लागली तर गोळी न खाता मला फोन करायचा, असं त्याच्या आजीपुढं कबूल करून घेतलं आहे. पाडव्याला तो परत आला की दुसऱ्या दिवशी त्याला पुन्हा तपासायला नेणार आहे.

आपला,
एक प्राथमिक शिक्षक,
ता. धारूर, जि. बीड